पाठीचा हिशेब : हमाली, कायदा आणि नोंद नसलेली वेदना

मुंबई बंदराच्या भरभराटीच्या काळात मालाची वजने आणि एकके ठरली ती जहाज, गोदाम आणि बाजारभाव यांच्या सोयीने. माल उचलणाऱ्या माणसाला काय पेलते, हा प्रश्न त्या व्यवहारात कधी आलाच नाही. कापसाची मुंबई खंडी ७८४ पौंडांची मानली जाई आणि तिच्या दोन गाठी होत, म्हणजे एकेक गाठ सुमारे १७८ किलोंची. गाठ निदान हातगाडीवर चढे किंवा चारचौघांच्या खांद्यांत वाटली जाई. धान्याचे आणि साखरेचे क्विंटलभराचे पोते मात्र एकाच माणसाच्या पाठीवर येई, आणि ते बहुधा त्या माणसाहून जड असे. दाणाबंदर, मशीद बंदर, पुण्याची नाना आणि भवानी पेठ येथील भुसार बाजार विसाव्या शतकाचा मोठा भाग या पाठींवर चालला. सातारा, पुणे, नगरकडच्या कोरडवाहू गावांतून आणि कोकणातून आलेल्या या माणसांकडे भांडवल म्हणावे तर तेवढेच होते.

दीर्घकालीन वेदना म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उलटणारी वेदना, अशी आज वैद्यकशास्त्राची ढोबळ व्याख्या आहे. मूळ इजा भरून आल्यावरही अशी वेदना राहू शकते आणि क्ष-किरणांच्या चित्रात तिचे कारण दिसेलच असे नसते. हमालाच्या बाबतीत तर बोट ठेवावे अशी एखादी इजाही बहुतेक वेळा नसते. वाकून पोते पाठीवर घेणे, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून तोल सांभाळत चढणे आणि उंच थप्पीवर ते झटका देऊन टाकणे या क्रियांत मणक्यांमधल्या चकत्यांवर रोज थोडा थोडा ताण साठत जातो. मानेचे दुखणे, कंबरेतून पोटरीपर्यंत उतरणारी कळ आणि गुडघ्यांची झीज ही त्या साठ्याची फळे, पण ती अमक्या दिवशी सुरू झाली असे सांगता येत नाही. पुढे कायद्याशी गाठ पडली तेव्हा नेमकी हीच गोष्ट हमालाच्या विरोधात गेली.

मजुरी नगावर, म्हणजे उचललेल्या पोत्यांच्या संख्येवर मिळे, आणि काम टोळीने चाले. त्यामुळे दुखणे सांगण्याची किंमत दुहेरी होती. विसावा घेतला तर त्या दिवसाची कमाई बुडे, आणि टोळीतला एक गडी मंदावला की त्याचा भार इतरांवर पडे, म्हणून मुकादमाच्या आणि सोबत्यांच्या नजरेत तो ‘कामचुकार’ ठरण्याची भीती असे. साहजिकच वेदना लपवली जाई. शेक, तेल, कंबरेला आवळलेले फडके, औषधाच्या दुकानातून सुटी आणलेली गोळी आणि रात्रीची दारू हे तिचे नित्याचे उपाय होते. दारूबद्दल सभ्य समाजाने या वर्गाला भरपूर उपदेश केला. पाठ दुखते म्हणून झोप लागत नाही, हे कारण त्या उपदेशात क्वचितच आले. शहरातल्या एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणाऱ्या पुरुषांजवळ दुखणाऱ्या अंगाला आडवे होण्यापुरती हक्काची जागाही नसे. गावी येणारी मनिऑर्डर आटली की घरच्या बाईची रोजंदारी वाढे, आणि मोडल्या कंबरेने परतलेल्या नवऱ्याची शुश्रूषाही तिच्याकडेच येई.

कायद्याने हा प्रश्न दोनदा हाताळला आणि दोन्ही वेळा तो कडेकडेने गेला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा गाभा कामावरचा अपघात हा होता, आणि त्याच्या सुधारित परिशिष्टात कमाईच्या क्षमतेतली घट अवयवागणिक टक्क्यांत मांडलेली होती : खांद्यापासून हात गेल्यास ९०, अंगठा गेल्यास ३०, पूर्ण तर्जनी गेल्यास १४. जे तुटते त्याचे मोल तिथे ठरले होते; अवयव शाबूत असून जे दुखते त्याच्यासाठी त्या कोष्टकात ओळ नव्हती. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमाने इजा होईल इतके जड ओझे कामगाराकडून उचलून घेण्यास मनाई केली, पण ते संरक्षण कारखान्याच्या फाटकाच्या आतले होते, आणि बाजारपेठ फाटकाबाहेर होती.

म्हणून पुढचा बदल संघटनेतून आला. नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ च्या सुमारास पुण्यात हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना, म्हणजे डोक्या-पाठीवरून ओझे वाहणाऱ्यांना संघटित केले, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. कामगारांची नोंदणी करणारी मंडळे, व्यापाऱ्यांकडून मजुरीवर घेतली जाणारी लेव्ही आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा व औषधोपचार ही त्याची रचना असंघटित कष्टकऱ्यांसाठी देशात अपूर्व होती, हे मान्य करायलाच हवे. वजनाचा प्रश्न त्याहून चिवट ठरला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती, तरी क्विंटलाच्या पोत्याऐवजी ५० किलोंचे पोते रूढ होण्यासाठी हमाल संघटनांना दीर्घकाळ भांडावे लागले. शिवाय मजुरी नगावरच राहिल्याने अर्ध्या वजनाबरोबर खेपा दुप्पट झाल्या. एका वेळचा ताण कमी झाला. दिवसभराचे एकूण ओझे घटेलच असे नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ मध्ये लागू झाली आणि तीत दीर्घकालीन वेदनेला प्रथमच स्वतःचे स्वतंत्र स्थान मिळाले. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मात्र ती तिच्या नावाने नाही. बाजारात तिची सोय अजून जुन्याच रीतीने लागते : बापाला काम झेपेनासे झाले की टोळीतली त्याची जागा मुलाला मिळावी, यासाठी घरचे खटपट करतात.