साल्मनचं गणित

साल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला परत त्याच नदीत येतो. म्हणजे पकडायला किती सोपा बघा! वाटेत सापळा लावायचा, बास. अलास्कात डबाबंद मासळीच्या कंपन्यांनी नेमकं हेच केलं. १९५३ साली मासे इतके घटले, की राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना तिथल्या मच्छीमार वस्त्या आपत्तीग्रस्त जाहीर कराव्या लागल्या.

१९५९ मध्ये अलास्का राज्य झालं आणि कंपन्यांचे सापळे बंद झाले. पण मला खरी आवडली ती मोजणी. ब्रिस्टल बेच्या नद्यांकाठी टॉवर असतात. त्यावरचा माणूस दर तासाला १० मिनिटं वर जाणारे मासे मोजतो, मग ६ ने गुणायचं. (आपलं सॅम्पलिंग हो!) पुरेसे मासे वर जात नसतील तर स्थानिक जीवशास्त्रज्ञ मासेमारी तिथल्या तिथे थांबवतो. वर्षाचा कोटा ठरवून मोकळं होण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

तरी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा घसरण झालीच. मग १९७३ मध्ये परवान्यांवर मर्यादा आणली. १९५९ला अडीच कोटींच्या आसपास असलेली पकड १९८० मध्ये दहा कोटींपुढे गेली. सगळं श्रेय व्यवस्थापनाचं नाही हं, १९७७ नंतर समुद्रही मेहरबान होता.

आणि युकॉन नदी? मोजणी तिथेही होते, तरी तिथला चिनूक साल्मन कोसळला. २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने त्याची मासेमारी ७ वर्षं थांबवायचं ठरवलं, म्हणजे माशाचं एक अख्खं आयुष्य. ही बंदी काठावरच्या आदिवासी गावांनाही लागू आहे. पिढ्यान्‌पिढ्या हाच मासा सुकवून त्यांनी हिवाळे काढलेत.