तेरा पाऊणे

धोतर नेसता येत नसेल तर पायजमा चालेल. वर पांढरा सदरा, डोक्याला टोपी, पायांत करकरणाऱ्या वहाणा. तारीख 13 एप्रिल 1961, गुरुवार, चैत्र सरत आलेला. गाव वाई. चौथीचे मास्तर आजारी आहेत म्हणून तुम्ही बदलीवर आलात, एवढंच हेडमास्तरांना सांगायचं. साठाहून जास्त वर्षं मागं चालत आलात हे सांगू नका. ते सेवापुस्तक मागतील.

उन्हाळा म्हणून शाळा सकाळची. साडेसहालाच निघा, घाटावरून. धोमचं धरण व्हायला अजून अवकाश आहे, त्यामुळे कृष्णा तिच्या मनाप्रमाणे रोडावलीय. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली ती पुराचं पाणी कापायला. आज तिच्यापासून पाणी इतकं लांब आहे की बांधणाऱ्याला कोणी हसलं असतं. पिंपळाला तांबूस पालवी. आणि मळ्यांकडून येणारा ओला, मातकट, नाकात बसणारा वास. काहिलीत हळद शिजतेय. हा वास लक्षात ठेवा, पट कमी का भरला ते त्यानंच कळणार आहे.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पडवी. जमीन शेणानं सारवलेली, घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. पोरं बस्करं काखेत मारून येतात, दगडी पाट्या थुंकीनं पुसतात. 'थुंकी लावायची नाही' हे फळ्यावर मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे, आणि त्याच्याच खाली बसलेला पोरगा पाटीला थुंकी लावतो आहे.

हजेरीपट उघडा. रंगपंचमीच्या आसपासचे रकाने भगदाड पडल्यासारखे. त्या दिवशी सोनेश्वरापासून बावधनपर्यंत बैलजोड्या बगाड ओढतात. ते सोडून पावकी म्हणायला शाळेत बसेल असं पोर या पंचक्रोशीत जन्मलेलं नाही. आताचे रकाने हळदीचे: आई शेतावर, धाकटं भावंड थोरलीच्या कडेवर. 1947 च्या कायद्यानं प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पण काहील पेटली की सक्ती दोन पावलं मागं सरते.

फेब्रुवारीच्या पानावर मास्तरांचं अक्षर बिघडलंय. कारण साधं आहे. 10 ते 28 फेब्रुवारी त्यांनी घरोघर फिरून जनगणनेच्या चिठ्ठ्या भरल्या, 28 च्या रात्री ज्यांना घर नाही त्यांना ते झोपतात तिथं जाऊन मोजलं, आणि 1 मार्चच्या सूर्योदयाचा हिशेब जुळावा म्हणून 5 तारखेपर्यंत पुन्हा उंबरे झिजवले. मधल्या दिवसांत कोण जन्मलं, कोण गेलं? वय विचारलं की म्हातारी म्हणते, "पिलेगात मी परकरी होते," आणि वजाबाकी मास्तरांनी करायची. धर्माच्या प्रश्नाला यंदा कितीतरी घरांतून ताठ मानेनं 'बौद्ध' असं उत्तर आलं. नागपूरच्या दीक्षेला पाच वर्षंही झाली नव्हती. अशा चिठ्ठ्यांची बेरीज पुढे राज्यात 27 लाखांच्या वर गेली. महाराष्ट्राची एकूण बेरीज 3 कोटी 95 लाख. महाराष्ट्र म्हणून ही पहिलीच मोजणी होती, आणि ती मोठ्या प्रमाणात अशाच करकरणाऱ्या वहाणांनी केली.

आता अंकगणित. इथं तुमची पंचाईत आहे.

वर्ग उजळणी म्हणतो: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा, हे तुम्हाला पहिल्यांदाच कळतं आहे. पोरं डुलत म्हणतात, तुम्ही ओठ हलवता. मग तुमचं सोंग ओळखलेला पुढच्या रांगेतला एक जण अगदी निरागस चेहऱ्यानं विचारतो, "गुर्जी, तेरा पाऊणे?"

हात खिशाकडे जातो. खिशात फोन नाही, खडूचा तुकडा आहे. परकर-पोलक्यातली एक पोर मागून सांगते, "पावणेदहा." तुम्ही मनात गुणाकार मांडता, दशांशचिन्ह सरकवता, 9.75 येतं. पावणेदहाच.

या पाढ्यांबद्दल हल्ली फार हळवं बोललं जातं. बोलणाऱ्यांना बहुधा औटकीसाठी छडी बसलेली नसते. कोपऱ्यात ती छडी आहेच. तुम्ही तिला हात लावत नाही म्हणून वर्गाला तुमच्याबद्दल संशय येऊ लागला आहे. पण हे पाढे नुसते पाठांतरासाठी नव्हते. सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण, शेरात अच्छेर, पावशेर, नवटाक. सगळा बाजार अर्ध्या-पावानं चिरलेला, म्हणून शाळेत त्याच चिरांचे पाढे. दहानंतर टकळीचा तास असतो, तिथंही तेच: 160 तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. पोरं पेळूतून सूत काढताना बोलत नाहीत, एवढ्यासाठीच हेडमास्तरांना हा तास आवडत असावा.

आणि हे सगळं आता मोडायला निघालंय. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ऑक्टोबर 1958 पासून किलो टप्प्याटप्प्यानं आला, 1962 च्या एप्रिलपासून वजनांत तोच सक्तीचा. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे बारा, पण तीन आणे एकोणीस आणि चार आणे पंचवीस. भिंतीवर हा तक्ता आहे. तीन आण्यांपाशी बोट ठेवून पोरं विचारतात की सहा-सहा-सहा अठरा, हा जास्तीचा एक पैसा कुणाचा? सव्वासहाचा खुलासा तुम्ही करता. पटत नाही. वाण्याचा, असं एकमतानं ठरतं.

मग तुम्हाला एक जुनं हिशेबी सूत्र आठवतं, कुठंतरी वाचलेलं. फळ्यावर लिहा: जितक्या रुपयांना मण, तितक्या आण्यांना अडीच शेर. चोवीस रुपये मण हळद धरू. अडीच शेराचे किती?

"चोवीस आणे. दीड रुपया," हळदीनं बोटं पिवळी झालेला एक पोरगा म्हणतो, सूत्र वाचून होण्याआधीच. त्याच्या घरी ते कोणी शिकवलेलं नाही, रोज वापरलेलं आहे.

का येतं? चाळीसला सोळानं भागा, अडीच. पोरांना 'का' नको असतो, उत्तर बरोबर आलं की झालं. पण ती परकरातली पोर पाटीवर काहीतरी खरवडते आहे. मागच्या उन्हाळ्यापासून बाजारात आईचे नवे पैसे तीच मोजते. ती उठते, पाटी पोटाशी धरते आणि फळ्याकडे बघत म्हणते, "गुर्जी, क्विंटल शंभर किलोचा, रुपाया शंभर पैशांचा. मग जितक्या रुपयांना क्विंटल, तितक्या पैशांना किलो. भागायचंच न्हाई की."

वर्ग गप्प. पिवळ्या बोटांचा पोरगा तोंडातल्या तोंडात दोनदा घोकून बघतो. मग म्हणतो, "मंग अडीच शेराचं काय करायचं?"

याचं उत्तर तुमच्याकडे नाही. तुम्ही ज्या काळातून आलात तिथं ते सूत्र कोणालाच लागत नाही, आणि तिनं शोधलेलंही मोबाइलच्या पोटात गेलेलं आहे. फळा पुसू नका. उद्या मास्तर येतील, त्यांना वाचू दे.

साडेदहाला घंटा. दुपार लांबच लांब. मास्तरांच्या घरी शाळेची आणखी बरीच कामं पडलेली आहेत: निकालपत्रकं आखायची, दिपोटींच्या तपासणीची टाचणं. बालभारती 1967 साली निघणार, तेव्हा पुस्तकांची जमवाजमव आपापली. थोरल्याचं पुस्तक धाकट्याला, मध्ये दोन पानं शेळीनं खाल्लेली. शेजारच्या आळीत चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. मास्तरांच्या वाटणीची आंब्याची डाळ पितळी वाटीत येते, वर पन्ह्याचं भांडं. खा. कैरी आणि हिरवी मिरची एवढ्यासाठी सुद्धा हा प्रवास वाया नाही.

तीनला एक बाई उंबऱ्याशी येऊन पदर सावरत उभी राहते. "मास्तर, येवढं वाचून दावा की." नवरा मुंबईला गिरणीत. मनिऑर्डरचं कुपन आहे, दोन ओळींचं: पैसे पाठवले, पोराला शाळेतून काढू नकोस. तुम्ही वाचता. ती म्हणते, "परत एकदा." दुसऱ्यांदा ती तुमच्याकडे न बघता त्या कागदाकडे बघते, जणू अक्षरं कुठं हलतात ते तिला पकडायचं आहे. पोरगा तोच, पिवळ्या बोटांचा. आठवडाभर तो गैरहजर होता, आजच आला होता. तुम्ही हे तिला सांगत नाही, तीही विचारत नाही. उत्तर लिहून द्यायचं असतं, ते तुमच्या अक्षरात जातं.

संध्याकाळी पारावर या. पुण्याहून एसटीनं आलेलं वर्तमानपत्र मास्तरांनी मोठ्यानं वाचायचं असा रिवाज आहे. आजची बातमी मोठी. काल रशियाचा युरी गागारिन यानात बसून पृथ्वीला एक फेरी घालून आला. तुम्हाला आकडा पाठ आहे, म्हणून पेपराआधीच तोंडातून जातो: 108 मिनिटं.

"जपमाळेचे मणी," एक आजोबा म्हणतात. "म्हंजी किती येळ?"

तुम्ही साठानं भागायला लागता. एक पॉइंट आठ तास हे उत्तर इथं चालणार नाही, एवढं आता तुम्हाला कळतं. घागर कमरेवर घेऊन ती पोर घाटाकडून वर येत असते, सगळे वळलेले बघून थांबते.

"पावणेदोन तास, आन् वर तीन मिंटं," ती म्हणते, आणि पाणी सांडू नये म्हणून सरळ चालू लागते.

आजोबा बराच वेळ आभाळाकडे बघतात. मग धोतराचा सोगा झटकून उठतात.

"पावणेदोन तासांत समदी पृथ्वी," ते म्हणतात, "आन् आपली यष्टी साताऱ्याला जाऊन परत येत न्हाई."