लोकमत आणि सीमारेषा

'राजा बोले, दळ हाले' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. लोकशाहींत ती उलटी होते आणि लोक बोलतांच सरकार हालतें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु लोकांचें बोलणें सरकारच्या कानीं पडणें आणि तें कायद्यांत उतरणें यांत मोठें अंतर असतें. तें कसें तोडलें जातें, याचें एक उदाहरण नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य भागांत सांपडतें.

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हिमायतनगर हें गांव आहे. त्याचें जुनें नांव वाढोणा. तेथून पुढें गेलें कीं इस्लापूर आणि किनवट लागतात. आज हीं तिन्ही गांवें नांदेड जिल्ह्यांत आहेत. १९५६ सालापर्यंत मात्र हिमायतनगर नांदेड जिल्ह्यांत, तर इस्लापूर व किनवट आदिलाबाद जिल्ह्यांत होतीं. ही रेषा हालली कशी?

निजामी राजवटींत प्रजेच्या मताला दरबारीं वाट नव्हती. कारभार उर्दूंत चाले; मराठी कुणब्याला स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. 'गश्ती निशाण त्रेपन्न' या हुकमामुळें सभा भरविण्यास परवानगी लागे. १९३७ सालीं परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. पुढच्याच वर्षीं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्यापूर्वींच, बंदी आली. तेव्हां लोकांनीं सत्याग्रह करून तुरुंग भरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ती राजवट संपली आणि १९५२ सालीं प्रौढ मताधिकारानें निवडणूक झाली. मताला वाट मिळाली. आतां त्या वाटेनें काय न्यावयाचें, हा प्रश्न उभा राहिला.

डिसेंबर १९५३ मध्यें न्यायमूर्ति फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालीं राज्यपुनर्रचना आयोग नेमला गेला. हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर हे त्याचे दुसरे दोन सदस्य. आयोगाकडे दीड लाखांवर निवेदनें आलीं. त्यांतील बहुतेक तारा किंवा छापील ठराव होते. पूर्ण विचारानें लिहिलेलीं निवेदनें सुमारें २००० च होतीं, असें आयोगानेंच नमूद केलें आहे. लोकमताचा आवाज आणि लोकमताचें वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें या आंकड्यांवरून ध्यानांत येतें.

३० सप्टेंबर १९५५ रोजीं आयोगानें अहवाल सादर केला. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत जावा. मात्र आदिलाबाद आणि बिदर हे जिल्हे उरलेल्या हैदराबाद राज्यांत राहावे, अशी त्याची शिफारस होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखे पुढारी मात्र हैदराबादचें भाषेप्रमाणें पूर्ण विभाजन व्हावें, या मताचे होते. अहवालावर विधिमंडळांत आणि संसदेंत चर्चा झाली. राज्याच्या सीमा बदलणारें विधेयक संबंधित विधिमंडळाच्या मतासाठीं पाठवावें, असें घटनेच्या तिसऱ्या कलमांत आहे. तें मत संसदेवर बंधनकारक नाहीं. पण तें ऐकल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

३१ ऑगस्ट १९५६ रोजीं कायदा झाला तेव्हां अहवालांतील रेषा बदलली होती. आदिलाबादचे किनवट व राजुरा तालुके आणि बोथ तालुक्यांतील इस्लापूर मंडळ मुंबई राज्याला मिळालें. बिदरचे उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुकेहि तिकडेच आले. ते आतां लातूर जिल्ह्यांत आहेत. उलट नांदेडच्या मुधोळ तालुक्यांतील मुधोळ, भैंसा व कुबेर आणि देगलूर तालुक्यांतील बिचकुंदा व जुक्कल हीं मंडळें तेलुगू मुलखांत गेलीं. आपलें मागतांना दुसऱ्याचें द्यावें लागतें, हा धडाहि त्याच कायद्यानें दिला.

तरी हिशेब पुरा झाला नाहीं. बिदरचा मोठा भाग मैसूर राज्यांत गेला आणि तेथील मराठी कुटुंबांची तक्रार उरली. सीमाप्रश्नावर महाराष्ट्र शासनानें २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत दावा दाखल केला. किनवट-राजुरा भागांतील गोंड व कोलाम लोकांची भाषा मराठीहि नव्हती आणि तेलुगूहि नव्हती. वाद दोन भाषांचा होता. तिसऱ्याला कोणीं विचारावें? ज्यांना लिहितां येतें त्यांचें मत लोकमत ठरतें, हा लोकशाहीचा जुना दोष आहे.

द्वैभाषिक राज्यहि टिकलें नाहीं. १९५७ च्या निवडणुकींत पश्चिम महाराष्ट्रानें संयुक्त महाराष्ट्र समितीला भरघोस मतें दिलीं, गुजरातेंतहि स्वतंत्र राज्याची चळवळ उभी राहिली आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें.

यावरून एवढें दिसतें, कीं नुसत्या संतापानें धोरण बदलत नाहीं. मताला संघटना, पुरावा, मतपेटी आणि चिकाटी हीं चारहि लागतात. शिवाय जो गप्प आहे त्याचें मत विचारण्याची जबाबदारी बोलणारांवरच असते. हिमायतनगरहून किनवटला जाणाऱ्या गाडींतील प्रवाशाला वाटेंत जुनी सीमा दिसत नाहीं. ती पुसली गेली. पण ती पुसतांना कोणाकोणाचें ऐकलें गेलें, हें विसरूं नये.