सचिनची हमाली
सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईच्या लोहमार्गावरचे सचिन १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील नवाबांचे संस्थान होते. पुढे तेथे औद्योगिक वसाहत आली आणि कापडाचे गठ्ठे उचलणाऱ्यांची गरज वाढली. तापी खोऱ्याच्या रेल्वेमुळे कामासाठी बाहेर पडणाऱ्या खानदेशातल्या मजुराला सुरत मुंबईहून जवळची. हमाली बहुधा नगावर मिळते. माल नसेल त्या दिवशी मजुरी नाही, खोलीभाडे आणि खाणावळ मात्र चुकत नाही. नेमकी हीच अडचण महाराष्ट्रात हमालांचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीने धसास लावली. १९६९ च्या माथाडी (ओझे वाहणाऱ्या) कामगारांच्या कायद्यानुसार मालक मजुरी माथाडी मंडळाकडे भरतो. मजुरीवर मालकाकडून घेतल्या जाणाऱ्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस वगैरे मिळते. गुजरातनेही असंरक्षित अंगमेहनती कामगारांसाठी १९७९ मध्ये कायदा केला, पण माथाडी मंडळांइतका त्याचा जम बसला नाही.