मोटारीच्या पोटाखालची तोटी

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी तांब्याचा बंब पेटवण्याची चाल आता बहुतेक घरांतून गेली. पण ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना त्याची पितळी तोटी आठवत असेलच. तोटी फिरवली की कढत पाणी घंगाळात, उलट फिरवली की बंद. समजा, एखाद्या तांबटाने तोटीऐवजी बंबाच्या बुडाशी एक बोल्ट बसवून दिला असता आणि सांगितले असते, "बाई, पाणी लागले की खाली आडव्या पडा, पान्याने हा बोल्ट काढा आणि धार अंगावर यायच्या आत हात बाजूला घ्या," तर घरच्या मंडळींनी तो बंब त्याच्याच डोक्यावर पालथा घातला असता! मोटारीच्या बाबतीत मात्र जगाने हीच व्यवस्था शंभराहून अधिक वर्षे निमूटपणे मान्य केली आहे.

ज्यांच्या दारी मोटार नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंजिनाच्या तळाशी एक पसरट भांडे असते. वंगणाचे तेल त्यात साचते, तेथून पंपाने वर चढते, फिरणाऱ्या भागांना भिजवते आणि पुन्हा खाली येते. या फेऱ्यांत काजळी, धातूचा कीस, जळलेल्या इंधनाचे अवशेष सारे त्यात मिसळते आणि तेल काळेठिक्कर पडते. ते अधूनमधून काढून टाकावेच लागते. आणि काढायचे ते इंजिन गरम असतानाच, कारण गरम तेल पातळ होऊन गाळ बरोबर घेऊन येते. भांड्याच्या बुडाशी असलेला बोल्ट हाच त्याचा दरवाजा. शेवटचा आटा सुटतो त्या क्षणी बोल्ट घमेल्यात पडतो आणि काढणाऱ्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत तेल ओघळते.

मी कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, यंत्रशास्त्र मला कोणी शिकवले नाही. पण आमच्या वर्गातून सातवीनंतर गळालेला एक मुलगा एका गॅरेजात लागला, आणि वर्षभराने भेटला तेव्हा त्याच्या उजव्या हातावर भाजल्याचा लांब पट्टा होता. "ऑइल, सर," एवढेच तो हसत म्हणाला. तेव्हापासून या बोल्टाचा इतिहास शोधण्याचा छंद मला जडला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यास 2016 च्या दुरुस्तीने जवळजवळ सर्वच धंद्यांत बंदी झाली आहे हे मला ठाऊक आहे. तो मुलगा तेव्हा नुकताच चौदा पुरा झाला होता.

आता नवलाची गोष्ट अशी की तोटी मोटारीपेक्षा पुष्कळ जुनी. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती वाफेच्या इंजिनांवर, आणि अशा इंजिनांच्या सिलिंडरांखाली पाणी काढून टाकणाऱ्या छोट्या तोट्या असतात. उभ्या इंजिनात वाफेचे पाणी होते; ते आत राहिले तर दट्ट्या अडून सिलिंडर फुटायची भीती. म्हणून गाडी हलताना ड्रायव्हर या तोट्या उघडतो आणि दोन्ही बाजूंनी वाफेचे फवारे फुसफुसत बाहेर पडतात. फलाटावरची पोरे त्या फवाऱ्यांना भिऊन आईच्या पदराआड लपत. ड्रायव्हर मात्र त्यासाठी खाली उतरत नसे. आपल्या जागेवरून तो एक दांडा ओढी आणि काम होई.

तेल घालण्याचे काम मात्र माणसाला खाली उतरवीतच असे. गाडी थांबवायची आणि एका माणसाने तेलाची झारी घेऊन इंजिनाभोवती फिरायचे. अमेरिकेतल्या मिशिगन सेंट्रल रेल्वेवर हे काम करणाऱ्यांत एलायजा मॅकॉय नावाचा एक काळा तरुण होता. त्याचे आईबाप केंटकीतल्या गुलामगिरीतून पळून कॅनडात गेलेले; मुलाला त्यांनी स्कॉटलंडात एडिंबरोला धाडून इंजिनिअर केले. विद्या घेऊन तो परत आला, पण त्याचा रंग पाहून रेल्वेने त्याच्या हाती फावडे आणि तेलाची झारी दिली. मॅकॉयने रोज तेच तेच करताना डोके चालवले आणि चालत्या इंजिनाला आपोआप तेल पोहोचवणारे पात्र तयार केले. 1872 मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. पुढे आयुष्यात अशी पन्नासावर पेटंटे त्याने घेतली. साहेबाच्या टेबलावर बसलेल्या इंजिनिअराला हे सुचले नाही, झारी घेऊन फिरणाऱ्याला सुचले, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

सुरुवातीच्या पुष्कळ मोटारींत तेल बदलण्याचा प्रश्नच नव्हता. थेंब थेंब आत जायचे, काही जळून धूर व्हायचे, उरलेले रस्त्यावर गळायचे. आपल्या बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालत, तशातलाच प्रकार. (एरंडेलाचा मान मोठा बरे! 1909 मध्ये वेकफील्ड कंपनीने कॅस्ट्रॉल हे नाव काढले ते एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच.) तेल इंजिनातच साठवून पुन्हा पुन्हा फिरवण्याची रीत रुळली, तेव्हा घाण काढण्याचा प्रश्न उभा राहिला.

1908 साली फोर्डची 'मॉडेल टी' आली. तिच्या इंजिनाला तेल मोजण्याची पट्टी नव्हती. त्याऐवजी मागल्या बाजूस, खाली, दोन बारीक तोट्या होत्या, एक वर आणि एक जरा खाली. खालचीतून तेल आले आणि वरचीतून आले नाही की पातळी ठीक समजायची. म्हणजे पातळी पाहायला तोट्या, त्याही गाडीखाली वाकल्याशिवाय हाती न लागणाऱ्या. आणि तेल काढायला बोल्ट! नव्या गाडीचे तेल 400 मैलांवर आणि पुढे दर 750 मैलांनी काढावे, असे फोर्डचे पुस्तक मालकाला सांगे. दीड कोटी गाड्या विकल्या गेल्या. कितीदा आडवे व्हावे लागले असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हिशेब फोर्डही करीत होता, पण दुसरा. 1913 मध्ये त्याच्या हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकता पट्टा सुरू झाला आणि गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत, ते 93 मिनिटांवर आले. कारखान्यातल्या मजुराचे मिनिट अन् मिनिट घड्याळावर मोजले गेले. गाडीखाली पडणाऱ्याची मिनिटे मोजणारे घड्याळ मात्र कोणी लावले नाही. बोल्ट स्वस्त, मजबूत आणि पटकन बसणारा. कारखान्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. 1927 च्या 'मॉडेल ए'मध्ये पातळी पाहायची पट्टी वर आली, तोट्या गेल्या. बोल्ट जिथल्या तिथे राहिला.

तोटीला खरा मान दिला विमानवाल्यांनी. छोट्या दट्ट्याच्या विमानांत तेल गाळणी असली तरी दर 50 तासांच्या उड्डाणानंतर, आणि नुसती जाळी असली तर 25 तासांनी बदलावे, असा दंडक आहे. इतक्या वेळा बोल्ट काढघाल केला तर आटे जाणारच. म्हणून तेथे वर दाबून फिरवायची कळ बसवतात. मोटारीसाठी जपानच्या फुमोतो कंपनीने काढलेली तोटी पुष्कळ देशांत प्रसिद्ध आहे. बोल्टाच्याच आट्यांत ती एकदा बसवायची. आत भोक पाडलेला एक गोळा असतो. दांडी पाव वळसा फिरवली की भोक सरळ होते आणि तेल वाहू लागते. दांडी एका खाचेत बसलेली असते, आधी उचलल्याशिवाय ती फिरतच नाही. पाना नको, दरवेळी नवे वायसर नको.

ही माहिती मी मोठ्या उत्साहाने आमच्या गावच्या मिस्त्रीला सांगितली. त्याने विडी विझवली आणि म्हणाला, "मास्तर, आपल्या शिवारातल्या वाटेनं दगड लागला आन् ती मोडली, तर इंजिन कोण भरून देणार?"

आक्षेप खरा आहे. तोटी बोल्टापेक्षा खाली लोंबते, आणि इंजिनातले तेल वाहून गेले तर काही मिनिटांत इंजिन जाम. भोक लहान असल्यामुळे तेल सावकाश उतरते. आणि तिचे तोंड आत थोडे वर आले तर तळाशी गाळ राहतो. शिवाय 1923 मध्ये अर्नेस्ट स्वीटलंडने मोटारीची तेलगाळणी आणली, पुढे तेलेही सुधारली. आता पुष्कळ गाड्यांना दहा हजार किलोमीटरपर्यंत तेल चालते. वर्षातून एकदा लागणारी तोटी कशाला, असे कारखानदार म्हणतात. मालकाच्या बाजूने ते बरोबर आहे. पण गॅरेजातल्या माणसाला तेल वर्षातून एकदा काढावे लागत नाही, दिवसातून पाच वेळा काढावे लागते. दगडाची भीती तर भांड्यालाही आहे. त्याला लोखंडी पत्रा ठोकता येतो, मग तोटीला का नाही?

काही तोट्यांच्या तोंडाला नळी जोडता येते, हे सांगितल्यावर मात्र मिस्त्रीचे कान टवकारले. नळी सरळ डब्यात सोडली की घमेले नको, जमिनीवर थेंब नको. वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात ओतायचे नाही, नोंदणी झालेल्या माणसालाच द्यायचे. आमच्या गावात मात्र ते अजून दाराच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून फासतात, आणि मिस्त्रीच्या गॅरेजापुढची जमीन इतकी काळी आहे की पावसाळ्यात तेथल्या डबक्यांवर सप्तरंगी साय धरते. "एक मागवा," तो म्हणाला, "पण आधी ट्रॅक्टरला लावू. त्याचं पोट उंच असतंय."