डिकीचें झाकण आणि त्याचा आधार

वस्तु नाहींशी व्हावी आणि नांव तेवढें मागें राहावें, हा प्रकार भाषेंत नवा नाहीं. मोटारीच्या मागील सामानाच्या कप्प्यास आपल्याकडे सर्रास डिकी म्हणतात. मूळ इंग्रजी डिकी म्हणजे घोड्यांच्या गाडीवरील सारथ्याची अथवा नोकराची बैठक. विसाव्या शतकाच्या आरंभीं दोन आसनांच्या कांहीं मोटारींत मागचें झाकण उघडलें कीं उघड्यावरची एक जादा बैठक निघे. तिलाहि तेंच नांव पडलें. सामान मात्र त्या काळीं गाडीच्या मागें पट्ट्यांनीं बांधलेल्या ट्रंकेंत जाई. म्हणून अमेरिकन लोक या कप्प्यास आजहि ट्रंकच म्हणतात. १९३० नंतरच्या दशकांत ही ट्रंक गाडीच्या अंगांतच सामावली. बैठक गेली, पेटी गेली, नांवें राहिलीं.

पेटी अंगांत आली तसें तिचें झाकण मोठें व जड झालें, आणि तें उघडें धरावयाचें कसें हा प्रश्न उभा राहिला. एक उत्तर साध्या दांडीचें: झाकण हातानें उचलावें व दांडी खोबणींत टेकवावी. दुसरें उत्तर पोलादी गजाचें. झाकण मिटतांना गज पिळला जातो आणि उघडतांना तो पीळ उलगडून झाकणाचें ओझें उचलतो. तिसरें उत्तर बंदिस्त वायूचें. जर्मनींतील कोब्लेंझच्या स्टाबिलस कंपनीनें १९६२ सालीं वायुस्प्रिंगांचें मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलें.

या नळींत नायट्रोजन वायु दाबून भरलेला असतो. दट्ट्यास बारीक छिद्र असल्यानें वायु त्याच्या दोन्ही बाजूंस खेळतो. म्हणून जोर मिळतो तो दांड्याच्या छेदाएवढाच. दांडा ८ मिलिमीटर जाडीचा असल्यास छेद सुमारें अर्धा चौरस सेंटिमीटर भरतो. वायूचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो धरला, तर दांडा ५० किलोंच्या जोरानें बाहेर रेटला जातो.

परंतु नळीच्या तोंडाशीं असलेलें रबराचें कडें वर्षानुवर्षें घासतें व वायु हळूहळू निसटतो. त्यांत थंडीची भर पडते. तपमान ४० अंशांवरून १० अंशांवर उतरलें कीं दाब सुमारें एक दशांशानें घटतो. म्हणून उन्हाळ्यांत कसेंबसें तग धरणारें झाकण हिवाळ्याच्या पहांटे, सामान काढण्यास वांकलेल्या माणसाच्या मानेवर येतें.

जुन्या गाडीचे पुष्कळ मालक मग काठीचा टेकू देतात. काठी घसरली कीं इजा ठरलेलीच. खरा उपाय सोपा आहे. झाकणास भक्कम आधार देऊन दोन्ही नळ्या एकदम बदलाव्या. नवी जोडी तितक्याच लांबीची व जोराची घ्यावी. झाकण मिटल्यावर दांडा खालच्या बाजूस येईल अशी ती बसवावी, म्हणजे आंतील थोडें तेल कड्यास ओलें ठेवतें. जुनी नळी मात्र कापूं नये, विस्तवांतहि टाकूं नये. थकलेल्या नळींतहि दाब शिल्लक असतो.