रोगजंतूंचे विरजण

1955 साली पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यातून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. त्याच सुमारास जपानमधील डॉक्टर एका कोड्यात अडकले होते. आमांशाच्या शिगेला जीवाणूंचे काही नमुने सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना दाद देत नव्हते. जनुकात आपोआप होणाऱ्या बदलाने, म्हणजे उत्परिवर्तनाने, एखाद्या औषधाला प्रतिकार येतो हे ठाऊक होते. पण असा बदल कोट्यवधी पेशींत एखादीतच घडतो. असे चार बदल एकाच पेशीत एकदम कसे घडावेत? शिवाय एकाच रुग्णाच्या पोटात औषधाने मरणारे आणि न मरणारे, दोन्ही शिगेला सापडत होते.

1959च्या सुमारास ओचिआई आणि आकिबा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे उत्तर शोधले. प्रतिकार असलेले ई. कोलाय आणि साधे शिगेला एकत्र वाढवले, की काही शिगेला चारही औषधांना पुरून उरत. प्रतिकार शेजाऱ्याकडून आला होता.

हे समजायला आपण दह्याकडे वळू. हिवरा आश्रमसारख्या गावात घरचे विरजण संपले, तर शेजारणीकडून चमचाभर आणतात. तिचे दही संपत नाही आणि आपले भांडेभर दूध लागते. प्लाझ्मिडचे असेच आहे. गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे हे छोटे कडे. एका पेशीतून दुसरीत जाताना त्याची प्रत निघते, देणारीकडेही एक राहते. शेजारी परक्या जातीचा असला तरी अनेकदा चालते. चार औषधांवरची जनुके एकाच कड्यावर असली, तर चारही एकदम मिळतात. (उपमा येथे थोडी लंगडी पडते. विरजणात जीवाणूच जातात, येथे फक्त त्यांची जनुके.)

रुग्णालयात या देवघेवीला रान मोकळे मिळते. जखमा, लघवीच्या नळ्या, श्वसनयंत्रे या वाटांनी जंतू शरीरात शिरतात. औषधांच्या माऱ्याने साधे जंतू मरतात आणि उरलेल्यांना जागा होते.

2008 साली स्वीडनमधील, मूळ भारतीय असलेल्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला जीवाणू सापडला. आधी त्याच्यावर नवी दिल्लीत उपचार झाले होते. राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधेही या जीवाणूपुढे हरली. त्याच्याजवळच्या विकराला ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, म्हणजे एनडीएम-1, असे नाव पडले. दोन जस्त आयनांच्या मदतीने हे विकर औषधाच्या रेणूतले बीटा-लॅक्टम कडे फोडते. त्याच्या जनुकाचा आरंभीचा तुकडा चक्क दुसऱ्या एका प्रतिकार-जनुकाचा आहे. ठिगळ लावून शिवल्यासारखा.

ऑगस्ट 2010 मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक मासिकात याच्या प्रसारावर लेख आला आणि दिल्लीच्या नावावरून आपल्याकडे गदारोळ उठला. नावाचा राग आम्हाला समजतो. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय नियतकालिकातच लिहिले होते, की 2009च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळातील 24 कार्बापेनेम-प्रतिकारक नमुन्यांपैकी 22 मध्ये एनडीएम-1 आहे. त्याची एवढी चर्चा झाली नाही. पुढे 2006-07 मधील जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा दिल्ली, मुंबई आणि पुणे येथे हे जनुक तेव्हाच पोचलेले दिसले.

2011 साली दिल्लीच्या नळाच्या पाण्याच्या 50 नमुन्यांपैकी 2 आणि रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत ते सापडल्याचे प्रसिद्ध झाले. ज्या जीवाणूंत ते होते, त्यांत पटकीचा जीवाणू होता आणि शिगेलाही होता.